बाबा, दोष पायाचा नव्हता

रामबाग, इंदूर
रविवार, सकाळ

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर "गाडी सर्व्हिसिंगला दिलीय" म्हटलं, ते अर्धंच खरं होतं. ताईकडे सगळे फोन स्पीकरवर ठेवून ऐकत होते, आईचं ब्लडप्रेशर नुकतं ताळ्यावर आलेलं, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण बाबांना एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि ती फोनवर धड सांगता यायची नाही. आधी एवढं वाचून घ्या, की मी आणि छोटी ठणठणीत आहोत आणि गाडीला ओरखडासुद्धा आलेला नाही.

मागच्या शनिवारी आम्ही दोघी ओंकारेश्वरला निघालो होतो. सिमरोल मागे पडलं, भेरूघाट लागला. एका वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल दगडासारखं. खाली जाईचना. पायाशी जोरात 'फुस्स' झालं आणि इंजिन अडखळायला लागलं. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे तुम्ही माझ्याकडून इतकं घोटून घेतलंय की गाडी आधीपासून दुसऱ्यातच होती. दोन्ही पाय पेडलवर रोवले, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गेले, आणि एका टपरीच्या अलीकडे गाडी कडेला थांबली. छोटी मागे झोपलेली होती, तिला काही कळलंही नाही. मी मात्र बराच वेळ स्टिअरिंग सोडलं नाही. पुढे एक फूटही चालवली नाही. गाडी टो करून इंदूरला आणली आणि आपल्या मिस्त्रीकाकांच्या दारात उभी केली.

त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. बसून दोनदा पेडल दाबलं आणि म्हणाले, "बिटिया, बूस्टर गया."

आई, हे तुझ्यासाठी लिहिते, बाबांना ठाऊकच आहे. पेडलच्या पलीकडे, बॉनेटखाली, पोळ्यांच्या डब्यासारखा एक काळा गोल डबा असतो, तोच बूस्टर. आत रबराचा पडदा. इंजिन चालू असलं की ते एका पाइपातून या डब्यातली हवा ओढून घेतं, पडद्याच्या दोन्ही अंगांची. आपण पेडल दाबलं की पायाकडची झडप उघडते, त्या अंगाला बाहेरची हवा शिरते आणि ती पडद्याला पुढे रेटते. म्हणजे ब्रेक लावताना आपल्या पायाला हवा मदत करत असते. बाबा, मी तुमच्यासारखा हिशोब मांडून पाहिला. पडदा ७ इंच व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ सुमारे २४८ चौरस सेंटिमीटर. दोन्ही अंगांच्या दाबात दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलोचा फरक धरला तर रेटा जवळजवळ १५० किलोचा. पेडलची तरफ चारास एक धरली, तरी पायाचे ३५ ते ४० किलो वाचतात. पडदा फाटला की ब्रेक जात नाहीत, पण हे सगळं वजन पायाने भरून काढावं लागतं.

आता जे सांगायला बसले आहे ते.

दुसरा बसवायच्या दिवशी काकांनी जुना बूस्टर काढला आणि मापं घेऊन झाल्यावर माझ्यासमोर कापला. पडद्याच्या कडेला, जिथे तो पत्र्यात चिमटलेला असतो तिथे, बोटाच्या दोन पेरांएवढी चीर होती. तिचं एक टोक ताजं होतं, रबर आतून काळंभोर. ते घाटात फाटलं असणार. पण उरलेली चीर जुनी होती. तिच्या कडा वाळून कडक झालेल्या, आणि आजूबाजूला धुळीचा एक करडा पट्टा धरलेला. तिथून कितीतरी दिवस हवा आत जात होती. काकांनी त्या पट्ट्यावरून नख फिरवलं आणि विचारलं, "कब से भारी चल रहा था?"

मला उत्तर देता येईना. कारण बाबा, तुम्ही सांगत होता. गेल्या वर्षी पावसाळ्यात म्हणाला होतात की सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं की इंजिन थरथरतं. आपण प्लग बदलले आणि गप्प बसलो. आई, तू म्हणायचीस की गाडीत कुणीतरी सुस्कारे टाकतंय, आणि मी हसण्यावारी नेलं. मग बडा गणपतीच्या चौकात गाडी वेळेवर थांबली नाही आणि पुढच्या रिक्षाला टेकली. त्या संध्याकाळी मी तुम्हाला काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "बाबा, आता पायात जोर राहिला नाही तुमच्या, चावी द्या." तुम्ही काही बोलला नाहीत. खजराना गणपतीचं ते पितळी कीचेन माझ्या तळहातावर ठेवलंत आणि हात धुवायला गेलात.

बाबा, तुमचा पाय ठीक होता. फुटक्या बूस्टरची गाडी तुम्ही महिनोन् महिने इंदूरच्या गर्दीत चालवत होता आणि ते सगळं जास्तीचं वजन एकट्या पायाने पेलत होता. मी पस्तिशीची, धडधाकट, मला घाटात दोन्ही पाय लावावे लागले. तेव्हा मी म्हणाले ते चूक होतं. गाडी तपासायची सोडून मी तुम्हालाच तपासून मोकळी झाले. मला माफ करा.

पुढचं बारकाईने लिहिते, कारण या पेडलवर तुमचा पाय पडावा अशी माझी इच्छा आहे.

नवा बूस्टर शोधला. आपली मारुती झेन २००२ची, आणि त्या झेनचं उत्पादनच २००६ साली थांबलं. चार दुकानांत विचारलं. एकाने दुसऱ्याच गाडीचा दाखवला आणि "बसवून देऊ" म्हणाला. काकांनी तो हातातही घेतला नाही. जुनाच उघडून पडदा बदलावा का, असंही विचारलं, तर त्यालाही नाही म्हणाले. डब्याची कड दाबून बंद केलेली असते आणि आत मोठी स्प्रिंग असते, घरगुती हत्यारांनी उघडली तर पुन्हा हवाबंद बसेल याची खात्री नाही. मग उरला भंगारवाला. आई, "भंगारातला ब्रेक?" असं तुझ्या तोंडून निघणार हे मला माहीत आहे. माझ्याही तोंडून तेच निघालं होतं.

देवास नाक्याच्या पुढे एका आवारात गेलो. तिथे दोन झेन होत्या. पहिलीचा बूस्टर वरून छान दिसत होता, पण मास्टर सिलिंडर (बूस्टरपुढची नळी, पेडलचा जोर ब्रेक ऑइलपर्यंत नेणारी) सोडवल्यावर मागचं तोंड ओलं निघालं. ब्रेक ऑइल पाझरून डब्यात गेलं होतं, आणि त्या तेलाने पडद्याचं रबर खराब होतं. हलवून पाहिला तर आत खुळखुळ वाजलं. तो तिथेच ठेवला. दुसरी गाडी मागून ठोकलेली होती, पुढचा भाग जसाच्या तसा. तिचं मास्टरमागचं तोंड कोरडं ठणठणीत, दांडीवरचं रबरी बूट शाबूत, डब्याच्या खालच्या शिवणीला गंज नाही. काकांनी स्वतःच्या गाडीच्या इंजिनाचा पाइप त्याला जोडला, हवा ओढू दिली, इंजिन बंद केलं आणि आम्ही चहा प्यायला गेलो. परत आल्यावर त्यांनी दांडी आत ढकलली तर दमदार 'हुस्स' झालं. म्हणजे इतका वेळ ओढ तशीच टिकून होती. १२०० रुपये दिले आणि डबा मांडीवर घेऊन घरी आले.

जुनं घेतलं ते एवढंच. मास्टर सिलिंडरची वॉशर किट नवी, व्हॅक्यूमचा पाइप नवा, त्यातली एकाच दिशेने हवा सोडणारी झडप नवी, ब्रेक ऑइल नवं. ब्रेकमधलं जुनं रबर घ्यायचं नाही, हा काकांचा नियम आहे आणि मला तो शंभर टक्के पटतो. पत्रा आणि स्प्रिंग तपासता येतात. पाइप आतून किती कुजलाय ते कुणाला दिसतं?

बसवायला पूर्ण दिवस गेला. पेडलमागचे चार नट काढायला काका स्टिअरिंगखाली उताणे झोपले, पाय दाराबाहेर. मी टॉर्च धरून होते. बाहेरचे नट लगेच निघाले, आतला वरचा एक निघता निघेना. त्यावर तासभर गेला.

आणि बाबा, तुमचं व्हर्निअर कॅलिपर कामी आलं. बूस्टरमधून पुढे येणारी दांडी मास्टरच्या पिस्टनपर्यंत नेमकी पोचायला हवी. लांब झाली तर ब्रेक धरून राहतात, चाकं तापतात. आखूड झाली तर पेडल पोकळ जातं. काका नजरेने म्हणाले, "बराबर है." मला राहवेना. स्कूटरवरून घरी गेले, तुमच्या कपाटातली लाकडी पेटी उघडली. तेल लावलेल्या मलमलीत ते तसंच गुंडाळलेलं होतं, पेटीच्या झाकणात तुमच्या अक्षरात 'वापरून झाल्यावर पुसणे'. जुनी दांडी मोजली, नवी मोजली. अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला. काकांनी मुकाट्याने पुढचा स्क्रू फिरवला आणि मग मला म्हणाले, "मास्साब की बेटी है." पुसून जागेवर ठेवलंय.

शेवटी ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली एअर काढायला मला पेडलवर बसवलं. मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात, कारण ते सगळ्यात लांब. "दबाओ, पकड़ो, छोड़ो," असं चारही चाकांना. जुनं ऑइल चहाच्या रंगाचं निघालं.

मग काका म्हणाले, इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मार, आता दाबून धर आणि स्टार्टर दे. इंजिन लागलं आणि माझ्या पायाखाली पेडल आपसूक, हळूच, दोन बोटं खाली गेलं. कुणीतरी खालून हात देऊन ओझं उचलून घ्यावं तसं. बाबा, मला तिथेच रडू आलं. कितीतरी महिने ही मदत तुम्हाला मिळतच नव्हती.

तेव्हापासून रोज चालवतेय. सिग्नलला इंजिन थरथरत नाही, सुस्कारे बंद. काल पुन्हा काकांकडे नेली. मास्टरचं तोंड कोरडं, चाकं थंड. नोंदणी २०२७पर्यंत आहेच, तेव्हा विकायचा विषय मी मनातून काढून टाकलाय.

आता तुमच्याकडे मागणं. ताईला सांगून डोळे तपासून घ्या, ते तसेही वर्षभर राहिलेत. डॉक्टर हो म्हणाले तर इथे या. पहाटे चिमणबागेच्या मैदानाशी रस्ता मोकळा असतो. मी शेजारी बसेन, तुम्ही चालवा, पेडल स्वतः पाहा. हायवेला मी नेऊ देणार नाही, हे आत्ताच सांगते. पण रामबाग ते राजवाडा तुम्ही न्यावी आणि आई पुढच्या सीटवर बसावी, एवढं मला हवंय. मी मागे छोटीजवळ बसेन.

आई, तुझ्यासाठी नर्मदेचं पाणी राहूनच गेलं. तुम्ही आलात की चौघं मिळून जाऊ, घाटात मी चालवेन.

पुण्याहून गाडीची तिकिटं कधीची काढू ते कळवा. स्टेशनवर झेनच घेऊन येते. चावी तुमच्या जुन्या खिळ्यालाच टांगलीय.

तुमची,
धाकटी