तुझ्या मॅग व्हील्सना रामराम

नागपूर,
तान्हा पोळा

प्रिय पक्या,

होळीपासून पत्र नाही की फोन नाही, शिव्या घालत असशील. घाल. तब्येत ठीक, शुगर आहे तिथेच आहे, आईचे गुडघे तसेच. आता मुद्द्याचं: तुझ्या स्विफ्टचं पुढचं डावं चाक गड्ड्यात आपटून गेलं. आरसीवर नाव माझं असलं तरी गल्लीत ती अजून पक्याचीच गाडी, म्हणून तुला कळवणं भाग आहे. घरात सांगितलं तर "चाकच ना, बदला" एवढंच उत्तर मिळालं. बंड्याने लगेच नव्या गाडीचा हप्ता काढून दाखवला. तू लावलेल्या त्या अलॉयच्या मॅग व्हील्सवरून आपलं बोलणं बंद झालं होतं, हे त्यांना काय माहीत!

जागा सांगायला नको, आपलं नेहमीचं वळण. सिमेंट रोड संपून जुनं डांबर सुरू होतं तो सांधा. सिमेंटचा स्लॅब जागचा हलत नाही आणि शेजारचं डांबर बसलंय काळ्या मातीवर. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. सांध्यात फट पडते, पाणी मुरतं, वरून ट्रक गेला की खालची खडी चिखलासकट वर येते. मग भर पावसात कोणीतरी येऊन त्यात माल ओततो. खरं म्हणजे गड्ड्याच्या कडा चौकोनी कापायच्या, आत कोरडं करायचं, डांबराचा पातळ हात मारायचा, मग थर देऊन रोलर फिरवायचा. यातलं काहीच न करता ओतलेला माल बाजूला पसरतो, आणि गड्डा होता त्याहून वाईट होतो कारण आता त्याला खडीची धारदार कड आलेली असते. पाणी भरलं की वरून सगळं सपाट. आज मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत "गड्डे घेऊन जा गे मारबत" म्हणून पाहिलं. रोगराई नेत असेल ती, गड्डे नेत नाही.

नुकसान ऐक. टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय. वरून रबर शाबूत दिसतं, पण गड्ड्याची कड आणि रिम यांच्यात टायर चेचला गेला आणि आतले दोरे तुटले. आता तिथे हवा फक्त रबराच्या भरवशावर आहे. याला पॅच नाही, व्हल्कनायझिंग नाही, स्टेपनी म्हणून ठेवायचीही सोय नाही. पंक्चरवाला म्हणाला, "चालवा ना भाऊ, काही होत नाही." त्याला चालवायची नाही ना.

रिम बाहेरून चकाचक. वाकलीय ती आतली कड, आणि ती चाक उतरवल्याशिवाय दिसतच नाही. साबणाचं पाणी लावलं की कडेला बारीक बुडबुडे. बॅलन्सिंगच्या मशीनने ८५ ग्रॅम शिसं मागितलं. एवढं वजन मागितलं की समजायचं, रिम गोल राहिलेली नाही. वजन लावून चाकाचा तोल साधतो, आकार नाही. ८०-९० च्या वर स्टीअरिंग थरथरणारच. "तापवून ठोकून सरळ करून देतो" म्हणणारे आहेत. लोखंडी रिम तशी ठोकता येते, थंडच. अलॉय तापवलं की त्याची ताकद जाते आणि पुढच्या दणक्याला ते वाकत नाही, तडकतं.

आता जुनं भांडण, कारण त्याशिवाय मला हे पत्र पूर्ण करता येणार नाही. कंपनीचं माप होतं १६५/८० आर १४, म्हणजे टायरची बाजू १३२ मिलिमीटर उंच. तू लावलेल्या १९५/५५ आर १६ ची १०७. बाहेरून चाक दोन्ही वेळा ६२० मिलिमीटरच्या आसपास, म्हणून स्पीडोमीटर खोटं बोलत नाही आणि म्हणून तू छाती ठोकून म्हणालास की फरक काहीच नाही. फरक त्या २५ मिलिमीटर हवेचा आहे, भैताडा! दणका खायला तीच असते. वर म्हणे कॉर्नरिंग सुधारतं. सीताबर्डीत कसलं कॉर्नरिंग करत होतास बे?

वर्कशॉपने एस्टिमेट दिलं ४१ हजार. दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, स्टीअरिंग रॅक, एक अलॉय, दोन टायर. रॅक वाचूनच डोकं फिरलं. गाडी जॅकवर घेऊन चाक घड्याळातल्या तीन आणि नवावर धरून हलवायचं. खडखडलं तर टाय रॉड किंवा रॅक. बारा आणि सहावर धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. इथे दोन्हीकडे तसूभर हालचाल नाही. मग रॅक कशाला? तर म्हणे स्टीअरिंग डावीकडे ओढतंय. ते ओढतंय अलाइनमेंटमुळे.

अलाइनमेंटचा कागद नेहमी दोन वेळचा मागावा, आधीचा आणि नंतरचा. टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकं आत-बाहेर किती वळलीत ते, सगळेच जुळवून देतात; टाय रॉड फिरवला की स्क्रीनवरचा आकडा हिरवा होतो, स्टीअरिंग सरळ होतं, गिऱ्हाईक खूश. बघायचा तो कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिलं तर चाक आत-बाहेर किती झुकलंय ते. या गाडीत तो फिरवायची वेगळी सोय नाही, नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी तुकडा) आणि शॉकअपच्या बोल्टांच्या भोकात थोडी ढिलाई असते तेवढीच. आपला डावा निघाला उणे १ अंश ५० मिनिटं, उजवा उणे २० मिनिटं. दीड अंशाची तफावत! टो हिरवा करून अशीच चालवली असती तर टायर आतल्या कडेने साफ झाला असता आणि वरून दिसलंही नसतं.

आता वाकलं काय? चाकाचं डोकं आत झुकलंय, म्हणजे शॉकअप किंवा नकल. लोअर आर्म वाकला असता तर चाक मागे सरकलं असतं. टायर आणि फेंडरची मागची कड यांच्यातलं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजलं, सारखं भरलं. आर्म शाबूत. शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे, तो धुळीत माखून काळा झालाय, म्हणजे सील गेलंय. तेव्हा शॉकअप नक्की, आणि ते जोडीनेच बदलायचे, एक कडक एक ढिला चालत नाही. बदलून कॅम्बर जागेवर आला तर ठीक, नाही आला तर नकल. हा क्रम उलटा करून आधी सगळं बदलायचं आणि मग बघायचं, ही त्यांची पद्धत.

डाव्या आर्मचा मागचा रबरी बुश मात्र चिरलाय. तो दणक्याने नाही, आपल्या उन्हाने आणि वयाने. मिस्त्रीला एकच सांगून ठेवलंय: बुशाचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चारही चाकांवर उभी असताना. जॅकवर लटकलेल्या गाडीत आवळला तर खाली उतरवल्याबरोबर रबर पिळलं जातं आणि नवा बुशही लवकर फाटतो. निम्मे "नवीन टाकला तरी आवाज येतो" त्यातलेच.

इंजिनखालचा तेलाचा चेंबर वाचला, खालचं प्लॅस्टिकचं कव्हर तेवढं फाटलं. एक्सलचे रबरी बूटही ठीक. चेंबर फुटून तेलाचा लाल दिवा लागला असता तर इंजिन जागीच बंद करावं लागलं असतं. "गॅरेज जवळच आहे" म्हणून तशीच नेली की इंजिन जाम होतं, आणि विमावाले म्हणतात दणक्याचं देतो, नंतर चालवलीस त्याचं नाही.

विम्यावर आलोच आहे तर हेही ऐकून घे, कारण यात तुझा हात आहे. तुझा ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, गाडीबरोबर माझ्याकडे आला नाही. तो मालकाचा असतो, गाडीचा नाही. तू तो नाशिकला नेऊन नव्या गाडीला लावलास आणि मी शून्यावरून सुरू केलं. आज माझा २५ आहे. क्लेम केला नाही तर पुढे ३५, ४५, मग ५० वर स्थिर. केला तर शून्य, २०, २५, ३५, ४५ आणि मग ५०. दरवर्षीची तफावत मांड: ३५, २५, २५, १५, ५. बेरीज १०५ टक्के. माझा मूळ ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम सहा हजार धरला तर क्लेमची खरी किंमत ६,३०० रुपये, पाच वर्षांत विभागून.

आणि मिळणार काय? गाडी पाच ते दहा वर्षांतली, म्हणून धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा, रबर-प्लॅस्टिक निम्म्याने. या वयाला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, सहसा मिळत नाही. शॉकअप एकच मान्य करणार, तीन हजाराचे अठराशे. माउंटिंगचे तीनशे. टायर एकटा गेला असता तर काहीच नाही. बाकी गाडीचंही नुकसान झालंय म्हणून निम्मे, २,७००. मजुरी आणि अलाइनमेंट २,८००. झाले ७,६००. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीचे सक्तीचे हजार वजा, उरले ६,६००. म्हणजे फॉर्म, फोटो, सर्व्हेअर, चकरा, एवढ्या सगळ्यावर निव्वळ नफा तीनशे रुपये! अलॉयचा तर एक पैसा नाही, कारण तू ते बाहेरून लावलेस आणि पॉलिसीत जास्तीची अ‍ॅक्सेसरी म्हणून दाखवले नाहीत, मीही नाही. टायरचं माप आरसीच्या गाडीला जुळत नाही म्हणून सर्व्हेअरने नाक मुरडलं तर ते २,७०० पण गेले. क्लेम रद्द. बोनस तुझ्यासारखाच सांभाळून ठेवतो.

बंड्या म्हणतो भरपाई मागा. २०२५ च्या ऑक्टोबरात हायकोर्टाने गड्ड्यांपायी जीव गेला तर सहा लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख ठरवले, ते माणसांसाठी. मोटार वाहन कायद्याचं १९८-अ कलमही मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच कंत्राटदाराला लागू होतं, दंड एक लाखापर्यंत. गाडीच्या शॉकअपला कोण विचारतो! तरी तक्रार टाकलीय. गड्ड्यात पाना उभा ठेवून खोली दिसेल असा फोटो, आडवा टेप ठेवून रुंदी, आणि मागे ओळखीची खूण. पैसे नाही मिळणार, पण "आम्हाला कळलंच नाही" असं तरी म्हणता येणार नाही. आधी रस्ता कोणाचा ते शोधावं लागतं, नाहीतर प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. हायवे असता तर १०३३ ही हेल्पलाइन लावून मोकळे झालो असतो.

चिमीच्या साखरपुड्याची पत्रिका मिळाली. मुलगा पुण्याचा आहे म्हणून तू कुरकुरतोयस असं वहिनी म्हणाल्या, गप बस. त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का? तुझ्या बदलीचं काय झालं तेही कळव.

आम्ही गाडीनेच येणार, आणि खरी काळजी तीच आहे. शिवमडक्याला समृद्धीवर चढलं की १२० ची मुभा, सरळ सिमेंट, तासन्तास एकच वेग. टायर तापतो, आतली हवा फुगते, आणि फुगा आलेला टायर फुटतो तो अशाच ठिकाणी. गावात ४० ला फुटला तर गाडी बाजूला घेता येते. म्हणून नवे टायर आल्याशिवाय ही गाडी रिंग रोडच्या बाहेर काढणार नाही. आणि एका चाकाला नवं १६ इंची अलॉय आणून पुढच्या गड्ड्याची वाट बघण्यापेक्षा मी परत १४ वर जातोय. चारही चाकं, लोखंडी. ऐकलंस ना? तुझी मॅग व्हील्स उतरणार. तीन शाबूत आहेत, विकून जे येईल ते चिमीच्या आहेरात घालतो, रडू नको.

आता काम. तू ती उतरवलेली चार लोखंडी चाकं महाल भागातल्या घराच्या माळ्यावर पोत्यात घालून ठेवली होतीस. पाचवं माझ्याकडे स्टेपनीत आहेच, सध्या त्यावरच गाडी उभी आहे. रिमवर जुने टायर असले तर नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, ते भंगारात. मी नवे घेतोय, बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघून. २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. दुकानात वर्षं काढलेला माल स्वस्त म्हणून गळ्यात मारतात. टायर बसतो त्या कडेला गंज असेल तर वायर ब्रशने घासून घेईन, व्हॉल्व्ह नवे टाकीन. पण नट बघ. अलॉयचे नट वेगळे होते, जुने तू कुठे ठेवलेस? त्याच पोत्यात असतील तर उत्तम, डब्यात घालून किचनच्या फळीवर ठेवले असशील तर काकूंनी केव्हाच भंगारवाल्याला दिले असतील. सोळा लागतील.

काकाजी मला माळ्यावर चढू देणार नाहीत, मागच्या वेळचं कौल अजून विसरले नाहीत. तेव्हा त्यांना आजच फोन कर आणि सांग की बाळ्या रविवारी सकाळी येतोय, चावी काढून ठेवा.

तुझा,
बाळ्या