बाबा, त्या फोनबद्दल

प्रिय आई आणि बाबा,
जय ख्रिस्त.

रविवारचा फोन डोक्यातून जात नाहीये. बाबांनी एवढंच विचारलं होतं, "हात का थरथरतो रे असा? मी कुणाचं काय वाकडं केलं?" मी सायटवर, घाईत. "देवाची काहीतरी योजना असेल, बाबा," म्हणून मोकळा झालो. तुम्ही गप्प झालात. मग आईनं फोन घेतला आणि जेवलास का म्हणून विचारलं.

रात्री बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक काढलं. 'ऊस देशात ईयोब नावाचा पुरुष होता' ऐकून लहानपणी मला तो राहुरीकडचा कुणी ऊसवाला बागाईतदार वाटायचा. 7,000 मेंढरं ठीक, पण 3,000 उंट आले की माझा हिशोब चुकायचा.

या वेळी 42 अध्याय सलग वाचले. ईयोबाचं सगळं जातं, अंगभर फोड येतात, तेव्हा अलीफज, बिल्दद, सोफर हे तिघे मित्र येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ भुईवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. तिथवर सोन्यासारखी माणसं. मग तोंड उघडतात नि सगळं बिघडतं. काहीतरी पाप केलं असशील, त्याशिवाय देव उगाच मारतो का! चर्चच्या मंडळीतलं कुणीतरी बाबांना "विश्वास कमी पडतोय" म्हणालं, तेव्हा मला केवढा राग आला होता. आणि मी तरी वेगळं काय केलं?

38व्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो, पण कारण काही सांगत नाही. उलट विचारतो, "मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास?" दोरी कुणी लावली, कोनशिला कुणी बसवली? बाबा, ही तर गवंड्याची भाषा! मला तुमचा ओळंबा आठवला. मी परांचीवर उभा राहून वरून दोरी धरायचो, तुम्ही एक डोळा मिटून खाली बघायचात. सूतभर फरक दिसला तरी वीट काढायचात. पुढे देव विचारतो, रानबकरी कधी विते ठाऊक आहे? कृत्तिका बांधता येतील? ईयोब तोंडावर हात ठेवतो.

मला आजवर वाटायचं, ही ईयोबाची खरडपट्टी आहे. पण शेवटच्या अध्यायात देवाचा कोप होतो तो मित्रांवर. आरडाओरडा करून जाब विचारणारा ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तुम्ही नाही, असं देव त्यांना म्हणतो. देवाची बाजू मांडायला निघालेल्यांनाच अर्पणासाठी सात बैल नि सात एडके घेऊन ईयोबाकडे जावं लागतं. आणि तोच त्यांच्यासाठी प्रार्थना करतो.

म्हणजे तोंडावर हात मी ठेवायचा होता, बाबा. हात का थरथरतो, मला माहीत नाही. चुकलो.

माझ्याकडे बैल नाहीत, शुक्रवारपासून चार दिवसांची रजा आहे. आई, रात्री उशीर होईल, दोन भाकरी झाकून ठेव. मागच्या भिंतीचा गिलावा फुगलाय म्हणालात ना? हत्यारांची थैली माळ्यावरून तुम्ही काढू नका, मी काढतो. तुम्ही खुर्चीत बसून एक डोळा मिटून बघा. दोरी मी धरतो.

तुमचा,
बाळू