जुन्या टाकीत नवा फिल्टर: ताईंना आभारपत्र

ताई,

सादर नमस्कार.

जुना फिल्टर बाहेर निघाला, नवा एकटा चालतो आहे आणि टाकीतले सगळे मासे ठणठणीत आहेत, हे तुम्हाला फोनवर सांगितलंच. तरी हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे. तुम्ही मला जे समजावलंत ते बसलेली, म्हणजे बराच काळ चालू असलेली टाकी सांभाळणाऱ्या कुणालाही कधी ना कधी लागणार आहे, आणि ते मला कुणाकडून मिळालं हेही लिहिलं गेलं पाहिजे. नाव नको म्हणालात, म्हणून नुसतं ताई.

फिल्टर बदलायचं कारण साधं होतं. जुन्या हँग-ऑनच्या, म्हणजे टाकीच्या काठावर टांगायच्या फिल्टरच्या इंपेलरची (पाणी ढकलणाऱ्या पंख्याची) दांडी झिजली होती, मोटर घरघरत होती आणि पाण्याची धार निम्म्यावर आली होती. कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्यासारखा नवा फिल्टर, आणून ठेवला होता आणि तुम्हाला फक्त जोडणीबद्दल विचारायचं होतं. तुम्ही मात्र फिल्टरचं नावही न काढता विचारलंत, "टाकीतल्या पाण्याचा पीएच आणि केएच किती आहे? आणि नळाच्या पाण्याचा?"

तो प्रश्न मला अजून मोलाचा वाटतो. टाकीतले जीवाणू माशांनी सोडलेल्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पाण्यातला केएच, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारी कार्बोनेटची मात्रा, हळूहळू खात राहतं. वर्षानुवर्षं चाललेल्या टाकीत हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण मासे त्या बदलाबरोबर जुळवून घेत जातात. पीएच उतरतो, साडेसहाच्या खाली गेला की जीवाणूंचं कामही मंदावतं, आणि साठणारा अमोनिया बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात राहतो, जे माशांना फारसं बाधत नाही. अशा टाकीत कुणी नव्या फिल्टरच्या उत्साहात अर्धं पाणी बदललं, की पीएच एकदम चढतो आणि तेच अमोनियम विषारी अमोनियात बदलायला लागतं. तुम्ही आकडे सांगितलेत तेव्हा मला त्याचं गांभीर्य कळलं: 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम 0.5 टक्क्याच्या आसपासचा भाग विषारी रूपात असतो, आणि पीएच 8 झाला की तोच 5 टक्क्यांच्या पुढे जातो. टेस्ट किट दोन्हींची बेरीज दाखवतं. म्हणजे नळीतला रंग तोच, आणि धोका दहापट.

माझ्या टाकीचा केएच उतरलेला निघाला. आधी थोडं थोडं पाणी बदलून तो सावकाश वर आणा, मगच फिल्टरला हात लावा, असं तुम्ही सांगितलंत. कॅनिस्टर तोवर खोक्यातच राहिला. घाईत असलेल्या माणसाला थांबवणं सोपं नसतं. तुम्ही ते रागावून केलं नाहीत, घाबरवूनही नाही. कारण सांगितलंत, एवढंच.

त्यानंतरचं सगळं याच रीतीने झालं. प्रत्येक सूचनेला तुमच्याकडे कारण होतं, आणि मी न विचारता तुम्ही ते देत होतात. मला वाटतं, या छंदात सगळ्यात दुर्मिळ गोष्ट हीच आहे. "हे करा, ते करू नका" सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि ऐकणाऱ्याला निवड करायला काही आधारच राहत नाही.

जुना फिल्टर काढून नवा लावला तर काय बिघडतं, हे तुम्ही ज्या तऱ्हेने सांगितलंत ते इथे मुद्दाम लिहितो. पाणी स्वच्छ दिसतं त्यात जीवाणू फारच थोडे असतात. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात: वाळूवर, काचेवर, पानांवर, आणि सगळ्यात दाट फिल्टरच्या स्पंजावर, कारण तिथे अन्न आणि प्राणवायू घेऊन पाणी सतत येत असतं. म्हणून टाकीतलं जुनं पाणी जपून काही हाती लागत नाही, जपायचा असतो तो स्पंज. शिवाय हे जीवाणू अतिशय सावकाश वाढतात. पोटातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. अमोनियावर जगणाऱ्यांना त्यासाठी अर्धा दिवस, एक दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतो. एका दुपारी फेकलेला स्पंज भरून निघायला आठवडे का लागतात, त्याचं उत्तर या एका वाक्यात आहे.

मी तेव्हा दुकानात मिळणाऱ्या बाटलीतल्या जीवाणूंबद्दल विचारलं होतं. ती बाटली ओतली की काम भागेल का? तुम्ही हसण्यावारी नेलं नाहीत. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्कीने 1890 च्या सुमारास या जीवाणूंचा शोध लावला तिथपासून सुरुवात केलीत. पुढे कित्येक वर्षं मत्स्यपालनाच्या पुस्तकांत नायट्रोसोमोनास (अमोनियावर जगणारे) आणि नायट्रोबॅक्टर (नायट्राइटवर जगणारे) ही जोडी छापली जात राहिली. 1998 मध्ये दाखवलं गेलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट खाणारे मुख्यतः नायट्रोस्पायराच्या जातीचे असतात. 2011 मध्ये असं दिसलं की टाकीच्या फिल्टरमध्ये अमोनियावर काम करणारे बरेचदा जीवाणूच नसतात, आर्किया नावाच्या वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव असतात, आणि अमोनिया अगदी कमी असतानाही त्यांचं निभावतं. 2015 मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा सापडले. एवढं सांगून तुम्ही म्हणालात, "तुमच्या स्पंजात यातलं नेमकं कोण राहतं हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. पण जे आहेत ते तुमच्याच पाण्यात, तुमच्याच माशांवर वाढलेले आहेत. त्यांचंच बिऱ्हाड हलवा."

बाटली वाईट असं तुम्ही म्हणाला नाहीत. नवी कोरी टाकी असेल तर तिचा उपयोग होऊ शकतो, हेही सांगितलंत. फक्त ज्याच्याकडे चालता फिल्टर आहे त्याच्याजवळ त्याहून चांगलं काहीतरी आधीच असतं.

मग दोन्ही फिल्टर एकत्र चालवायचे ठरले, चार ते सहा आठवडे. इथेही तुम्ही माझा एक समज वेळीच दुरुस्त केलात. दोन फिल्टर म्हणजे जीवाणू दुप्पट, असं होत नाही. माशांकडून येणारा अमोनिया तेवढाच, त्यामुळे खाणारेही तेवढेच, फक्त दोन ठिकाणी वाटले जातात. म्हणून नुसती मुदत भरली की जुना फिल्टर फेकायचा नाही, त्याचा स्पंज नव्याच्या टोपलीत घालूनच निरोप घ्यायचा. माझ्या कॅनिस्टरमध्ये पाणी खालून वर जातं. तळाला जाड स्पंज, त्यावर सिरॅमिक रिंग, आणि त्यांच्यामध्ये जुन्या स्पंजाचे कापलेले तुकडे, म्हणजे गाळ आधीच अडेल आणि त्यांच्यापर्यंत निथळ पाणी येईल. वर बारीक फ्लॉस, म्हणजे कापसासारखा थर. ही रचना तुमची.

जोडणीतल्या बारीकसारीक गोष्टी भराभर लिहितो. झाकणाचा रबरी रिंग पुसून, बसला आहे ना हे बघून मग कड्या लावणं. पहिली रात्र कॅनिस्टर परातीत ठेवणं, म्हणजे गळती असेल तर जमिनीवर येण्याआधी दिसेल. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर नेणं, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही. सक्शनच्या तोंडाला स्पंज, कारण माझ्याकडे चेरी कोळंबीची पिल्लं आहेत. आणि स्प्रे बारची, म्हणजे पाणी परत टाकीत सोडणाऱ्या नळीची, भोकं आधी काचेकडे वळवून ठेवणं. हे शेवटचं नसतं तर निऑन टेट्रा माशांची फार दमछाक झाली असती. आता ते निवांत फिरतात आणि पृष्ठभागही हलता राहतो. तळाशी राहणाऱ्या कोरिडोरास माशांना काही फरक पडल्याचं दिसलं नाही.

आता मुख्य आभार. दोन्ही फिल्टर चालू असताना एका रात्री वीज गेली आणि बराच वेळ आली नाही. तुम्हाला तेव्हा फोन करणं शक्य नव्हतं. वीज गेल्यावर काय करायचं हे आपल्या बोलण्यात कधी आलंच नव्हतं. पण एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार ग्रॅमहून अधिक प्राणवायू लागतो, हे तुम्ही कुठल्याशा वेगळ्याच संदर्भात सांगितलेलं मला आठवत होतं. त्यावरून पुढचं सुचत गेलं. कॅनिस्टर बंद डबा आहे. आत पाणी थांबलं की त्यातला प्राणवायू थोड्या वेळात संपणार आणि जीवाणू गुदमरणार. मी कॅनिस्टर उघडला, टोपल्या काढल्या, सगळा मीडिया (आतले स्पंज आणि रिंग) टाकीच्या पाण्याने ओला ठेवून पसरट टबमध्ये मांडला आणि बॅटरीवरचा एअर पंप टाकीत सोडला. वीज आल्यावर डब्यात साचलेलं शिळं पाणी टाकीत जाऊ दिलं नाही, ओतून दिलं आणि ताजं भरून मोटर सुरू केली. दुसऱ्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य.

ताई, हे तुम्ही सांगितलेलं नव्हतं, पण तुमच्यामुळेच झालं. मला नुसत्या सूचना मिळाल्या असत्या तर त्या रात्री माझ्याजवळ काहीच नव्हतं.

जुना फिल्टर काढल्यानंतरचे दिवस तुम्ही आधीच शांत करून ठेवले होते. त्या काळात नवे मासे आणायचे नाहीत, वाळू उपसायची नाही, काचांची मोठी साफसफाई नाही. एका वेळी एकच बदल, म्हणजे काही बिघडलंच तर कशाने बिघडलं ते कळतं. खाणं निम्मं. माशांची उपासमार होईल अशी मला काळजी होती, पण थंड रक्ताच्या प्राण्याला तेवढं सहज झेपतं आणि फिल्टरवरचा भार त्याच दिवशी उतरतो. रोज अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही तपासायचे. नायट्राइट सोडायचा नाही यावर तुमचा विशेष भर होता. तो कल्ल्यांतून रक्तात शिरतो, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतो, आणि पाण्यात भरपूर हवा असूनही मासा धापा टाकतो.

एका सकाळी पाण्यावर पांढुरका धूसरपणा आला आणि अमोनियाची नळी किंचित हिरवट दिसली, 0.25 च्या आसपास. पीएच सातच्या जवळ होता. तुमचे आकडे समोर ठेवून हिशेब केला तर विषारी भाग अगदी नगण्य निघत होता. म्हणून घाबरून कॅनिस्टर उघडला नाही. क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने चौथा हिस्सा बदलला आणि त्या दिवशी खाणं दिलं नाही. तो धूसरपणा दुसऱ्याच जीवाणूंचा असतो, झटपट वाढणाऱ्यांचा, आणि आपोआप विरतो, हेही तुमचंच सांगणं. तसाच विरला.

तुम्ही यातून काय मिळवलंत, हा प्रश्न मला वरचेवर पडतो. रात्री उशिरा पाठवलेल्या टेस्टच्या फोटोंना तुम्ही सकाळी पहिल्यांदा उत्तर द्यायचात, आणि त्या उत्तरात "ठीक आहे" एवढंच कधी नसायचं. आकडा ठीक का आहे आणि किती झाला तर ठीक नसेल, हे असायचं. तुमच्या स्वतःच्या टाक्या, तुमचं काम, त्यातून हा वेळ काढलात. तुम्हाला त्याचं ओझं वाटलं असेल तर ते तुम्ही मला एकदाही जाणवू दिलं नाहीत. मनापासून आभार.

तुम्ही विचारलेले आकडे: पीएच 7.2, केएच 5, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट 20 च्या आत. जुना फिल्टर काढल्यापासून कॅनिस्टर उघडलेला नाही. धार मंदावली की फक्त जाड स्पंज आणि फ्लॉस टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घेईन, रिंगांना हात लावणार नाही. जुन्या स्पंजाचा एक तुकडा मुद्दाम टाकीतच, सक्शनजवळ ठेवला आहे. माझा एक मित्र नवी टाकी लावतो आहे, त्याची मासे आणायची तयारी झाली की तो त्याला देणार आहे. त्याला पीएच आणि केएच आधीच विचारून ठेवले आहेत. त्याचा केएच 2 आहे, तर सुरुवात कशी करावी, तेवढं सवडीने सांगा.

तुमचा,
टाकीवाला भाऊ