हमामातली पाहुणी

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुझं स्केच मिळालं. आंग्र या फ्रेंच चित्रकाराच्या ‘तुर्की हमाम’ या चित्रातली, पाठमोरी बसून वाद्य वाजवणारी ती बाई. पाठीचा उतार झकास साधलायस. बाबांनी दोनदा फोन मागून घेऊन पाहिलं. पण खाली तू लिहिलंयस ‘पूर्वेचं गूढ’, तिथे मी अडले.

अरे, ती पूर्वेची नाहीच. आंग्रने तिला १८०८ मध्ये रोममध्ये रंगवलं होतं, दुसऱ्याच चित्रात, एकटीला. तीच पाठ, डोक्याला गुंडाळलेलं तसंच फडकं. ५४ वर्षांनी त्याने तिला उचलून हमामात नेऊन बसवलं नि हातात वाद्य दिलं. तुर्कस्तानात तो जन्मात गेला नव्हता. चित्रावर सहीशेजारी स्वतःचं वय मात्र लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय, ८२! म्हाताऱ्याची ही मिजास मला आवडते, खोटं कशाला बोलू.

मग हमाम आला कुठून? मेरी वर्टली माँटेग्यू या इंग्रज राजदूताच्या बायकोच्या पत्रांतून. त्यातले उतारे आंग्रने वहीत उतरवून घेतले होते. मेरी १७१७ मध्ये सोफिया या तेव्हाच्या तुर्की अमलाखालच्या शहरातल्या हमामात गेली ती अंगभर कपड्यांत. बायका गप्पा मारतायत, कॉफी पितायत, कुणी हातातलं काम करतेय. त्यांनी हिलाही कपडे काढायचा आग्रह केला. शेवटी हिने सदरा उघडून आतलं अंग आवळून धरणारं कॉर्सेट दाखवलं. त्या बघतच राहिल्या! त्यांना वाटलं, नवऱ्याने हिला या यंत्रात कोंडून घातलंय आणि ते उघडणं हिच्या हातात नाही.

आंग्रच्या चित्रात ही पाहुणी कुठेच नाही. चित्रच गोल, त्यामुळे बघणारा बाहेर राहिला, गोल भोकातून डोकावणारा.

मेरीही काही सोवळी नव्हती हं. एक ओळखीचा चित्रकार तिथे अदृश्य होऊन हजर असता तर, असं तिच्याही मनात आलं होतं, आणि तिने ते लिहिलंय. हेन्रिएट ब्राउन ही फ्रेंच चित्रकार मात्र खरोखर जनानखान्यात जाऊन आली. १८६१ च्या पॅरिसच्या सलों या चित्रप्रदर्शनात लागलेल्या तिच्या चित्रात बायका कपड्यांत आहेत, घरी आलेल्यांचं आगतस्वागत चाललंय. शोधून बघ.

आणि माझं एक काम कर. त्या बायकांच्या ओट्यावर बसून दिसते तशी मेरी काढून पाठव: उघडा सदरा, आवळलेले बंद, आणि चेहऱ्यावर काय असेल ते तूच ठरव.

तुझी
आई