तिला विचारून: ज्येष्ठ स्त्रियांच्या सोबतीसाठी माणसं आणि मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

दवाखान्यात डॉक्टर बोलतात ते बहुतेक वेळा मुलाशी किंवा सुनेशी. जिच्या शरीराबद्दल हे चाललेलं असतं ती बाई समोरच बसलेली असते आणि शस्त्रक्रियेचं ठरल्यावर तिला कळवलं जातं. कधी कधी तर आजाराचं नावही सांगत नाहीत, "तिला झेपायचं नाही" म्हणून. घरच्यांच्या मनात बहुधा मायाच असते. तरी कळत्यासवरत्या माणसाची संमती दुसऱ्याने द्यायची नसते, आणि वयाची सत्तरी गाठली म्हणून ते बदलत नाही.

आमचे स्वयंसेवक ज्येष्ठ स्त्रियांबरोबर दवाखान्यात, बँकेत, वकिलाकडे जातात. सही करण्याआधी कागद मोठ्याने वाचून दाखवतात, तिचे प्रश्न तिच्याच शब्दांत समोरच्याला विचारतात. काय करावं हे मात्र सांगत नाहीत.

फक्त स्त्रियांसाठीच का, असं आम्हाला विचारलं जातं. जगभरात स्त्रिया पुरुषांपेक्षा सरासरी सुमारे ५ वर्षं जास्त जगतात आणि नवरा बहुधा वयाने मोठा असतो. त्यामुळे त्याचं शेवटचं दुखणं ती काढते. तिचं काढायला कोण, हा प्रश्न उरतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार देखभालीच्या बिनपगारी कामाचे तीन चतुर्थांशाहून अधिक तास स्त्रियांच्या वाट्याला येतात. त्या कामाची पेन्शन नसते. म्हातारपणी औषधालाही हात पसरावा लागणारी बाई "घर नावावर करून दे" या मागणीला नाही कशी म्हणणार? तिथे सही तिची असते, मर्जी असतेच असं नाही. कौटुंबिक हिंसेच्या कितीतरी पाहण्या तर १५ ते ४९ वयाच्याच स्त्रियांना प्रश्न विचारतात. पुढच्या वयात काय घडतं, त्याचा हिशेबच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीभेदभाव निर्मूलन समितीने २०१० साली २७ व्या शिफारशीत स्पष्ट म्हटलं आहे की, ज्येष्ठ स्त्रियांचा कायदेशीर निर्णयाचा अधिकार मनमानीने काढून घेता येणार नाही.

सगळंच सोपं नसतं. एखादी आजी घरातला त्रास सांगते आणि लगेच म्हणते, "कुणाला सांगू नका." बोललो तर तिचा विश्वास गेला, गप्प राहिलो तर त्रास चालूच. जीव धोक्यात नसेल तर तिच्या होकाराशिवाय आम्ही पाऊल उचलत नाही. हे पाळणं फार जड जातं. विस्मरणाचा आजार असेल तर आणखी अवघड. पण पैशांचे व्यवहार कळेनासे झालेल्या बाईलाही कुणी आंघोळ घालावी आणि कुणी नाही, हे नीट सांगता येतं. तेवढं तरी तिला विचारलंच पाहिजे.

आम्हाला सर्वात जास्त गरज आहे ती वेळेची. आठवड्यातला एखादा अर्धा दिवस देऊ शकणारी, ऐकून घेणारी माणसं हवीत. प्रशिक्षण आम्ही देऊ. वकील, परिचारिका, समुपदेशक यांनी जरूर संपर्क साधावा. पैसे लागतात ते प्रवासाला, चष्म्यांना आणि मुख्यतः श्रवणयंत्रांना. श्रवणयंत्राचा संमतीशी काय संबंध, असं वाटेल. पण ऐकू येत नाही म्हटलं की डॉक्टर मुलाकडे वळतात, आणि तिथेच तिचा निर्णय तिच्या हातून जातो.

या आवाहनासोबत एकाही आजीचा फोटो नाही. कुणाच्या सुरकुत्या दाखवून देणगी मागणं आम्हाला पटत नाही. ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याकडून आम्ही पैसा, दागिना किंवा मृत्युपत्रातला वाटा घेत नाही. स्वयंसेवकांनाही तीच अट आहे.

देणगीची पावती मिळेल आणि वर्षाचा जमाखर्च कुणालाही पाहता येईल. नाव नोंदवताना आपल्याला कोणते दिवस जमतील आणि दवाखाना, बँक की घरची भेट यांपैकी काय जमेल, ते कळवावं.

आपली,
कार्यकारिणी