पाककृतीतले गाजर कोणते, ते तरी लिहा

मा. संपादक,
स. न.

थंडी पडली की आपल्या पुरवणीत गाजराच्या पाककृती सुरू होतात. ‘गाजर अर्धा किलो’ एवढे लिहायचे आणि लगेच दूध-साखरेकडे वळायचे, अशी पद्धत पडून गेली आहे. वेलचीची पूड पाव चमचा की अर्धा, हे काटेकोर सांगितलेले असते. गाजर कोणते घ्यायचे ते मात्र कुणी सांगत नाही. मग एकीचा हलवा सुरेख होतो, दुसरीचा कचवट राहतो आणि दोघींनीही पाककृती तंतोतंत पाळलेली असते. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली!

बाजारात गाजर या एका नावाखाली दोन वेगळ्या भाज्या मिळतात. लाल गाजर लांब, शेंड्याकडे निमुळते, रसाळ आणि गोड. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा भर. मुंबई-पुण्यात ते बरेचसे राजस्थान, मध्य प्रदेशातून येते. पूसा केसर, पूसा रुधिरा हे वाण याच जातकुळीचे. केशरी गाजर आखूड, टोकाला बोथट आणि वरपासून खालपर्यंत जवळपास सारख्याच जाडीचे. नान्टेस, कुरोडा ही त्याची नावे. उटीच्या थंड हवेत ते वर्षभर निघते, म्हणून मे महिन्यातही मंडईत दिसते. लाल रंग लायकोपीनचा, म्हणजे टोमॅटोत असते त्याच द्रव्याचा. केशरी रंग बीटा कॅरोटीनचा. रंग ओळखायला सोपा, पण स्वयंपाकात खरा फरक पडतो तो पाण्याने आणि गोडीने.

हलव्याचेच घ्या. एक किलो लाल गाजर जाड भोकांच्या किसणीवर किसून दोन मोठे चमचे तुपावर मध्यम आचेवर दहा मिनिटे परतावे. उग्र वास जाऊन तुपाचा वास वर आला पाहिजे. पाऊण लिटर सायीचे दूध वेगळ्या भांड्यात निम्मे आटवून मग त्यात घालावे. दूध पूर्ण आटले आणि कीस दोन बोटांत सहज चिरडला गेला की दीडशे ग्रॅम साखर. हे सगळे केशरी गाजराचे करायचे तर परतल्यावर अर्धी वाटी दूध घालून दहा मिनिटे झाकण ठेवून वाफ द्यावी लागते आणि साखर सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास जाते. दोन्हींत साखर शेवटीच. कीस शिजण्याआधी साखर पडली तर ती त्यातले पाणी ओढून घेते, तंतू आखडतात आणि मग तासभर ढवळले तरी कीस मऊ होत नाही. साखर घातल्यावर मिश्रण पुन्हा पातळ होते, त्याला घाबरून आच मोठी करू नये. तळाला लागते ते तिथेच. बारीक किसणी वापरली की लगदा होतो. लाल गाजराला कुकरच्या दोन शिट्ट्या दिल्या तरी तेच.

कोशिंबिरीला कोवळे लाल गाजर उत्तम. पाव किलो किसाला दोन मोठे चमचे दाण्याचे कूट, अर्धे लिंबू, चिमूटभर साखर आणि वरून तेलात मोहरी, हिंग, हिरवी मिरची यांची फोडणी. मीठ पाने वाढताना घालावे. आधी घातले तर पंधरा मिनिटांत तळाशी पाणी साचते आणि कूट त्यात बसते. ‘डाएट’च्या नावाखाली ही फोडणी काढून टाकायचा सल्ला आपल्याच एका सदरात वाचला. गाजरातले कॅरोटीन स्निग्ध पदार्थाशिवाय अंगी नीट लागत नाही. फोडणीचे ते चमचाभर तेल नुसते चवीपुरते नसते. (आणि अ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रातांधळेपणात गाजराचा उपयोग असला, तरी गाजर खाऊन चष्मा सुटत नाही, हेही एकदा छापायला हरकत नाही.)

पुलाव, उपमा, सांबार यांत मात्र केशरीच घ्यावे. फोडी शिजूनही कडा धरून राहतात. लोणच्यालाही तेच, कारण पाणी कमी. अर्ध्या किलोच्या फोडी पुसून सुती कापडावर दोन-तीन तास पसरायच्या. मोहरीच्या डाळीवर फोडणी पूर्ण गार करूनच ओतायची. कडकडीत तेलाने मोहरी करपून कडवट होते. फोडीत ओल राहिली तर बुरशी ठरलेली. भोगीच्या भाजीत पावटा, ओला हरभरा, घेवडा आधी शिजत घालून लाल गाजराच्या अर्ध्या बोटाएवढ्या फोडी मागाहून टाकाव्यात. सुगडात घालायच्या तुकड्यांना अर्थात कुठलेही चालते, पण त्या दिवसांत सांगली भागात असाल तर कवलापूरची गाजरे सोडू नका.

घेताना गाजराचा माथा पाहावा. पाल्याचा बुंधा जितका रुंद, तितका आतला दांडा जाड. एक गाजर मोडून बघू द्यायला भाजीवाल्या मावशी सहसा नाही म्हणत नाहीत. ते ‘कट’ असा आवाज करून तुटले पाहिजे. वाकून मग तुटले तर शिळे. मोडलेल्या चकतीत मधला गोल पिवळट-पांढरा आणि भोवतालच्या गरापासून सुटल्यासारखा दिसला की गाजर जून. अंगावर पांढरी तंतुमुळे फुटली असतील तरी तेच. माथ्याकडचा हिरवा भाग म्हणजे मातीबाहेर राहून ऊन लागलेला. तेवढा कापून टाकला की काम भागते. चकचकीत धुतलेल्या गाजरांचा मोह टाळावा. यंत्रात घासून वरची साल खरवडलेली असते, त्यामुळे ती पिशवीत घाम सुटून लवकर गिळगिळीत होतात.

घरी आणल्यावर पाला असेल तर आधी कापावा, तो गाजरातले पाणी ओढत राहतो. न धुता कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावे. (छपाईच्या शाईमुळे वर्तमानपत्रात नको; संपादकांनी राग मानू नये.) लाल गाजर असे आठ-दहा दिवस राहते, केशरी दोन-तीन आठवडे. शेजारी सफरचंद किंवा केळी असली तर त्यांच्या वायूने गाजर कडू होते, आणि दोष गाजराला जातो. मऊ पडलेले गाजर गार पाण्यात तासभर ठेवले की बरेचसे ताठ होते. सालीवर येणारा पांढुरका थर ही ‘औषध मारल्याची’ खूण म्हणून मोबाइलवर फिरवतात; ती निव्वळ वाळलेली साल असते.

तेव्हा यापुढे गाजराची पाककृती छापताना एवढे तीन शब्द वाढवावेत: लाल की केशरी, वजन सोलण्याआधीचे की किसल्यानंतरचे, आणि किसणी जाड की बारीक. सोलून, देठ-शेंडा काढल्यावर किलोभर गाजराचे साडेआठशे ते नऊशे ग्रॅमच उरते. जून दांडे काढले तर आणखी कमी. दूध-साखरेचे प्रमाण त्या उरलेल्या वजनावर धरायचे असते.

आपला,
एक वाचक, मिरज