वजनकाट्याच्या संगणकाची तक्रार न सोडवता परस्पर बंद केल्याबाबत

सांगली
दि. १२ मार्च २०२६

प्रति,
मा. सेवा व्यवस्थापक,
संगणक देखभाल विभाग

महोदय,

कुपवाड रस्त्यावरील आमच्या कोल्ड स्टोरेजमधील सगळे संगणक, प्रिंटर आणि सर्व्हर आपल्या वार्षिक देखभाल करारात आहेत. कराराचे पैसे आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच भरतो, हे आपल्या हिशेब विभागाला विचारल्यास कळेल.

गेटवरच्या वजनकाट्याचा संगणक परवा पुन्हा अडला. मशीन सुरू होते, सॉफ्टवेअर उघडते, पण काट्याचे वजन त्यात येत नाही. इंडिकेटरवर लाल आकडे व्यवस्थित दिसतात आणि वीतभर अंतरावरच्या स्क्रीनवर शून्य.

सध्या बेदाण्याचा हंगाम आहे. जत, कवठेमहांकाळ, तासगाव भागातल्या शेडवरून माल घेऊन टेम्पो सकाळपासून लागतात. भरलेल्या गाडीचे एकदा आणि रिकाम्या गाडीचे एकदा वजन झाल्याशिवाय काटापावती निघत नाही. पावती नाही म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर माल चढत नाही. बाहेर जाणाऱ्या मालाचे ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखालचा वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, व्यापारी याच वजनावरून काढतो, आणि राज्याबाहेर जाणारा ५० हजारांवरचा माल बिलाशिवाय रस्त्याला लावायची कुणाची तयारी नसते. सॉफ्टवेअरमध्ये हाताने वजन टाकायची सोय बंद ठेवलेली आहे. ती बंदच असावी. उघडी ठेवली तर काट्यावर काय काय होईल हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून परवापासून आमचा काटेवाला कार्बन घालून हाताने पावत्या लिहितो आहे, आणि दर पाच-दहा मिनिटांनी कुणीतरी ड्रायव्हर खिडकीत डोके घालून "आवरा की साहेब" म्हणतो आहे.

आता कारण सांगतो, कारण ते आपल्या कॉल सेंटरला एकदाही सांगू दिले गेले नाही. "रीस्टार्ट करून बघितलं का?" या प्रश्नापुढे संभाषण सरकतच नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काट्यावरच्या जुन्या मशीनचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता, तेव्हा आपल्याच सल्ल्याने आम्ही नवे मशीन घेतले. त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या मशीनला मागे नऊ पिनांचे सीरियल पोर्ट होते आणि काट्याची वायर थेट त्यात जात असे. नव्याला ते नाही. तेव्हा आपल्या इंजिनिअरने बॅगेतून एक यूएसबी कन्व्हर्टर काढून लावला. त्याचे बिल वेगळे आले, तेही आम्ही भरले. आज डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधली यादी, उघडले की त्या कन्व्हर्टरसमोर पिवळी खूण दिसते आणि नावाच्या जागी इंग्रजीत मजकूर येतो: ही चिप २०१२ पासून बंद केलेली आहे, कृपया आपल्या पुरवठादाराशी संपर्क साधा.

पुरवठादार आपणच आहात. संपर्क साधतो आहोत.

त्या कन्व्हर्टरला जुना ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारे सॉफ्टवेअर, दिला की तो चालतो. विंडोजचे अपडेट येते, रात्रीत नवा ड्रायव्हर बसतो आणि सकाळी काटा मुका. ड्रायव्हर मागे घेणे हे चहा येईपर्यंत उरकणारे काम आहे. आपल्या इंजिनिअरला ते करताना आम्ही पाहिले आहे. पण त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो, आणि तो आपण आम्हाला देत नाही. "पॉलिसी आहे," एवढेच उत्तर मिळते. पासवर्ड गेटवरच्या पोराला माहीत नसावा, हे मलाही पटते. पण मशीन आमचे, आतला डेटा आमच्या शेतकऱ्यांचा, आणि आपली नोकरी सोडून गेलेल्या इंजिनिअरांनाही पाठ असेल असा पासवर्ड मालकाला मात्र कळता कामा नये, ही कुठली सुरक्षा?

काल आपला इंजिनिअर आला. मिरजेचा पोरगा आहे, कामाला चांगला आहे, त्याच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मशीनजवळ बसायच्या आधीच तो म्हणाला, "साहेब, ओटीपी द्या, हा कॉल क्लोज करतो. कन्व्हर्टरसाठी नवीन कॉल टाका." काटा चालू झाल्याशिवाय ओटीपी देणार नाही, असे मी सांगितले. त्याने ऑफिसला फोन लावला, पलीकडून त्याला बरेच ऐकून घ्यावे लागले असे दिसले, आणि तो "पार्ट मागवतो" म्हणून गेला. रात्री साडेनऊला माझ्या मोबाइलवर संदेश: 'आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. कृपया आम्हाला पाच तारे द्या.' ओटीपी माझ्याकडेच असताना तक्रार बंद कुणी केली, याचा लेखी खुलासा हवा. आपल्या मासिक अहवालात आमच्या सगळ्या तक्रारी वेळेत सुटल्याचे कसे दिसते, ते मला काल कळले.

व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येत नाही, असे आपल्या प्रतिनिधीने मला फोनवर न विचारता ऐकवले. मी ग्राहक आयोगाचे नावही काढले नव्हते. आमचा मार्ग साधा आहे: करार ३१ मार्चला संपतो.

विंडोज ११ वर चालणारा नव्या चिपचा कन्व्हर्टर सोमवारी सकाळी काटा सुरू व्हायच्या आत, विनामूल्य, बसवून मिळावा. जुन्याचे पैसे परत करावेत. सर्व मशीनचे आणि सर्व्हरचे अ‍ॅडमिन पासवर्ड नव्याने बदलून बंद पाकिटात आमच्या मालकांच्या हाती द्यावेत. आपल्याकडेही ते राहिले तर हरकत नाही. बंद केलेली तक्रार त्याच क्रमांकाने पुन्हा उघडावी. नवीन कॉल मी टाकणार नाही. यातले काही राहिले तर पुढच्या वर्षाचा चेक निघणार नाही, आणि त्या स्थितीत पासवर्ड ३१ तारखेपूर्वी लेखी स्वरूपात आमच्या ताब्यात द्यावे लागतील.

आपला,
कार्यालय व्यवस्थापक

सोबत: डिव्हाइस मॅनेजरचा फोटो, कन्व्हर्टरच्या बिलाची आणि हाताने लिहिलेल्या काटापावत्यांची झेरॉक्स.